नानीच्या माळेतली पुतळी

पुतळ्यांची माळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. घरात नसली तर एखाद्या जुन्या लग्नाच्या फोटोत, आजीच्या गळ्यात. चपट्या गोल चकत्या, वरती कडी, रेशमाच्या गोफात ओवलेल्या. प्रत्येक चकतीवर उठावाचं चित्र. हल्ली बाजारात मिळणाऱ्या माळेत हे चित्र बहुधा लक्ष्मीचं असतं. पण या चकतीला ‘पुतळी’ हे नाव पडलं, तेव्हा तिच्यावर लक्ष्मी नव्हती. पुतळी हे एका परदेशी सोन्याच्या नाण्याला आपण दिलेलं मराठी नाव आहे. ते नाणं इटलीतल्या व्हेनिस शहराचं. तिकडे त्याला ‘डुकाट’ म्हणत, पुढे ‘झेक्किनो’ म्हणू लागले. आज त्या नाण्याविषयी बोलायचं आहे. आणि ते माझ्या घरात कसं आलं, त्यानं मला कोणत्या पेचात टाकलं, हेही थोडं सांगायचं आहे.

माझी नानी मिरजेची. तिच्या गळ्यात सात पुतळ्यांची माळ होती. नाना सतारीसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून बैलगाडीतून आणायचे. चार पैसे शिल्लक पडले की ते नानीच्या हातात द्यायचे आणि ती ते सराफाकडे नेऊन सोन्यात घालायची. नमाजाला उभी राहताना नानी माळ काढून उशीखाली ठेवायची, कारण पुतळीवर माणसांची चित्रं होती. नमाज झाला की पुन्हा गळ्यात. मी लहानपणी एकदा विचारलं, ‘‘नानी, ही माणसं कोण?’’ ती म्हणाली, ‘‘कोण असतील ती असू देत. अडीअडचणीला उठून आपल्यासाठी जातात, एवढं मला ठाऊक.’’

खरोखरच त्या एकेक करून गेल्या. १९७२ च्या दुष्काळात दोन गेल्या. एक मामाच्या आजारपणात. एक घरावर पत्रे घालताना. पाचवी कशासाठी गेली ते आता कुणालाच आठवत नाही. उरलेल्या दोन अम्मीकडे आल्या आणि अम्मीनं त्या आम्हा दोघा भावंडांना दिल्या. माझी लाल फडक्यात बांधून, आपाची हिरव्या फडक्यात. एक मुलाला, एक मुलीला, वाटणी सारखी.

गेल्या हिवाळ्यात आपाच्या मुलीचं, माझ्या भाचीचं लग्न ठरलं. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या पुढे गेलेला. आपा म्हणाली, ‘‘दोन्ही पुतळ्या मोडू आणि पोरीला एक बांगडी करू.’’ तिचे गुडघे दुखतात, म्हणून दोन्ही पुरचुंड्या घेऊन मी एकटाच सराफाकडे गेलो.

आमच्या सराफांना मी अण्णा म्हणतो. त्यांच्या वडलांनी नानीला ओळखलेलं. अण्णांनी भिंग लावून पहिली पुतळी पाहिली, दुसरी पाहिली, मग पुन्हा पहिली. म्हणाले, ‘‘कवी, घाई करू नका. या दोन सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. ही तुमच्या लाल फडक्यातली समुद्रापलीकडनं आलेली आहे. हिरव्या फडक्यातली इथलीच, आपल्याकडच्या कुणा सोनारानं घडवलेली.’’

हा फरक त्यांनी कसा ओळखला हे समजून घ्यायचं तर आधी नाण्यावर काय आहे ते पाहिलं पाहिजे.

डुकाट आकारानं लहान. व्यास जेमतेम दोन सेंटिमीटर, जाडी पातळ, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. जुन्या मापात सांगायचं तर साडेतीन माशांच्या किंचित वर. एका बाजूला दोन माणसं आहेत. डावीकडे उभे आहेत ते संत मार्क, व्हेनिस शहराचे रक्षणकर्ते. चार शुभवर्तमानांपैकी एक त्यांच्या नावाचं आहे. त्यांच्या पुढ्यात उजवीकडे गुडघे टेकून बसलेला आहे तो व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख. दोघांच्या मधोमध एक उंच काठी, तिच्या टोकाला निशाण. संत ते निशाण डोजच्या हाती देत आहेत. राज्य माझं नाही, मला ते सोपवलेलं आहे, असं त्या चित्रातून डोज सांगतो. काठीला लागून वरपासून खाली तीन रोमन अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ ‘प्रमुख’. संतांच्या मागे त्यांचं आणि शहराचं नाव, डोजच्या मागे डोजचं नाव.

दुसऱ्या बाजूला बदामाच्या आकाराची चौकट आहे. तिच्यात येशू ख्रिस्त उभा, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात ग्रंथ, भोवती तारे. कडेनं लॅटिन भाषेतली एक ओळ. तिचा भावार्थ असा की, हे ख्रिस्ता, तूच ज्याचा राजा आहेस ते हे राज्य तुलाच अर्पण असो. कविता करणाऱ्या माणसाचं लक्ष अशा ठिकाणी यमकाकडे जातंच. त्या ओळीत ‘दातुस’ आणि ‘दुकातुस’ असं यमक जुळवलेलं आहे. ‘दुकातुस’ म्हणजे ड्यूकचं राज्य. ओळीतल्या या शेवटच्या शब्दाशी ‘डुकाट’ या नावाचं नातं सांगतात.

हे नाणं पाडायचं व्हेनिसनं ठरवलं १२८४ साली. त्या वेळी जोवान्नी दान्दोलो हा डोज होता. आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराव यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरी पूर्ण व्हायला अजून सहा वर्षं होती. इटलीतल्याच फ्लॉरेन्स शहरानं १२५२ साली ‘फ्लोरिन’ नावाचं सोन्याचं नाणं काढलं होतं. व्हेनिसनं आपलं नाणं त्याच तोलाचं करायचं ठरवलं. सोनं त्या काळात जितकं शुद्ध करता येई तितकं केलेलं, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक. आपण ज्याला बावनकशी म्हणतो ते.

आता यातली नवलाची गोष्ट सांगतो. १२८४ मध्ये जे चित्र ठरलं, तेच चित्र १७९७ पर्यंत चाललं. पाचशे तेरा वर्षं. या काळात व्हेनिसमध्ये चित्रकला कुठल्या कुठे गेली. टिशियनसारखे जगाला माहीत असलेले चित्रकार त्या शहरात राहून काम करत होते. मनात आणलं असतं तर नाण्यावर हुबेहूब चेहरे, अंगावरच्या वस्त्राची प्रत्येक घडी कोरता आली असती. पण नाण्यावरचे संत मार्क तेच राहिले, काडीसारखे ताठ, लहान मुलानं पाटीवर काढावेत तसे. डोज बदलला की फक्त नाव बदलायचं. वजन आणि कस मात्र जवळजवळ जिथल्या तिथे.

यात आळस नव्हता, व्यापार होता. व्हेनिसचं हे नाणं व्हेनिसमध्ये फिरण्यापेक्षा बाहेर फिरण्यासाठी होतं. युरोपला पूर्वेकडून मिरी हवी होती, आलं, दालचिनी, नीळ, सुती कापड, हिरे हवे होते. बदल्यात देण्यासारखा माल त्यांच्याकडे थोडाच. भूमध्य समुद्रातलं पोवळं आपल्याकडे खपे, पण तेवढ्यानं हिशेब पुरा होत नसे. उरलेलं देणं सोन्याचांदीत फेडावं लागे. व्हेनिसची गलबतं इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात लागत. तिथून कैरो, मग तांबडा समुद्र, आणि पुढे अरबी समुद्र ओलांडून हे सोनं खंबायत, सुरत, चौल, दाभोळ, कालिकतपर्यंत पोचे. वाटेत ते कितीतरी हातांतून जाई आणि त्यातल्या बहुतेकांना लॅटिन वाचता येत नसे. ते नाणं ओळखायचे चित्रावरून. दोन माणसं आणि मधे काठी दिसली की सोनं चोख, हे ठरलेलं. चित्र जरा सुधारलं असतं तरी लांबच्या बाजारातला सावकार म्हणाला असता, हे ते नाणं दिसत नाही, मी घेणार नाही. ज्यांना अक्षर कळत नाही त्यांच्याशी दिलेला शब्द पाळण्यासाठी व्हेनिसनं आपल्या नाण्याचा चेहरा जुनाच ठेवला.

हा विश्वास किती होता याचा दाखला कैरोत सापडतो. व्हेनिसचं नाणं इजिप्तच्या बाजारात इतकं मुरलं की तिथल्या सुलतानालाच त्याच्या तोलाचं नाणं काढावं लागलं. सुलतान बर्सबाय यानं १४२५ साली ‘अशरफी’ काढली ती जवळपास डुकाटच्या वजनाची. तोपर्यंतचा अरबी दीनार सव्वाचार ग्रॅमचा होता. पुढे इस्तंबूलच्या दुसऱ्या महंमदानंही आपली ‘सुलतानी’ मोहोर डुकाटच्या मापाची केली. अशरफी हा शब्द आपल्याला गोष्टींतून आणि उर्दू शायरीतून माहीत आहे. तिचं वजन मात्र व्हेनिसच्या काट्यावर ठरलं होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. अशरफीवर चित्र नव्हतं, फक्त अक्षरं. बहुतेक मुसलमान राजांच्या नाण्यांवर अक्षरंच असत. अपवादही आहेत. अकबर बादशहानं आयुष्याच्या अखेरीस, १६०४-०५ च्या सुमारास, धनुष्यबाण घेतलेला राम आणि त्याच्यामागून चालणारी सीता अशी चित्रं असलेलं नाणं पाडलं होतं.

कैरोतले लोक डुकाटला काय म्हणत? एक नाव होतं ‘इफ्रंती’, म्हणजे फिरंग्यांचं. दुसरं होतं ‘मुशख्खस’. उर्दूतला ‘शख्स’ हा शब्द बऱ्याच जणांच्या कानावरून गेला असेल, शख्स म्हणजे व्यक्ती. मुशख्खस म्हणजे ज्याच्यावर माणसाची आकृती आहे ते. आपण त्याला पुतळी म्हटलं, त्यांनी मुशख्खस म्हटलं. अर्थ एकच. दोन्हीकडच्या लोकांना नाण्यावरचा संत कोण, डोज कोण याच्याशी कर्तव्य नव्हतं. आकृती ओळखीची होती, तेवढं पुरे होतं.

शब्दांचा प्रवास पाहायचा तर आणखी एक गंमत आहे. अरबीत नाण्याच्या छापाला ‘सिक्का’ म्हणतात. आपला ‘शिक्का’ तिथूनच आला. हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर व्हेनिसला गेला आणि तिथल्या टांकसाळीचं नाव पडलं ‘झेक्का’. सोळाव्या शतकात डुकाट या नावानं चांदीचं नाणंही निघालं, तेव्हा सोन्याचं वेगळं ओळखू यावं म्हणून लोक त्याला झेक्किनो म्हणू लागले, झेक्काचं नाणं. त्या झेक्किनोचं इंग्रजीत ‘सीक्विन’ झालं. आज साडीवर, घागऱ्यावर ज्या चमकत्या टिकल्या टाकतात त्यांना दुकानदार सीक्विन म्हणतो ना, ते हेच. सिक्का, शिक्का, झेक्किनो, सीक्विन हे एकाच घरातले शब्द आहेत. टिकलीत सोनं राहिलं नाही, चमक तेवढी राहिली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. निकोलो कोन्ती हा व्हेनिसजवळच्या गावचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात विजयनगरला येऊन गेला. हिंदुस्थानात काही ठिकाणी व्हेनिसचे डुकाट चलनात आहेत, असं त्याच्या वृत्तान्तात नोंदलेलं आहे. चेझारे फेदेरीची हा दुसरा व्हेनिसकर १५६३ साली घरून निघाला, गोव्याहून विजयनगरपर्यंत गेला आणि १५८१ मध्ये परतला. ही माणसं ज्या वाटांनी हिंडली, त्याच वाटांनी नाणीही हिंडत होती. आमची मिरज त्या काळात विजापूरच्या आदिलशहाकडे होती. दाभोळ, राजापूर बंदरांत उतरलेला माल घाट चढून या देशावर येई आणि पुढे विजापूरकडे जाई.

पण परकं नाणं इथं इतक्या सहज कसं रुजलं? त्याला दोन कारणं दिसतात. पहिलं वजनाचं. दक्षिणेत सोन्याचा व्यवहार होनात चाले आणि होनाचं वजन सुमारे ३.४ ग्रॅम. डुकाट साडेतीनचा. म्हणजे सावकाराला फारसं गणित करावं लागत नसे. एका होनाच्या शेजारी एक पुतळी ठेवली की तराजू जवळजवळ सरळच राही. दुसरं कारण चित्राचं. विजयनगरच्या होनांवर देवतांची जोडपी असत. हरिहर आणि देवराय यांच्या होनांवर उमामहेश्वर शेजारी शेजारी बसलेले दिसतात. सोन्याच्या लहान नाण्यावर दोन आकृती पाहायची इथल्या डोळ्यांना सवय होती. त्यामुळे संत मार्क आणि डोज यांच्याकडे पाहून कुणी राम-सीता म्हणालं, कुणी नुसतंच जोडपं म्हणालं. केरळाकडे तर आणखी मजा. तिथल्या लोकांना मधली काठी माडासारखी दिसली आणि गुडघे टेकलेला डोज झाडावर चढणाऱ्या माणसासारखा. तिकडे नाण्याला नाव पडलं तेच मुळी ताडीसाठी झाडावर चढणाऱ्याचं. प्रत्येकानं आपल्या अंगणातलं पाहिलं.

शिवकाळापर्यंत पुतळी हे नाव चांगलंच रुळलं होतं. कृष्णाजी अनंत सभासदानं आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी दिली आहे, तीत मोहरा आणि होनांच्या बरोबरीनं पुतळीही आहे. म्हणजे पुतळी आधी नाणं होती आणि मग दागिना झाली. सोनं इतकं चोख की बायकांनी ते मोडून दागिना करण्याऐवजी नाण्यालाच कडी झाळून घेतली. कडी झाळायची सोनारानं, गोफ विणायचा पटवेगारानं. आमच्या मिरज-बेळगाव भागात रेशमाच्या गोफाचं काम करणारे पटवेगार बहुतेक मुसलमान. व्हेनिसच्या संताचं नाणं, हिंदू सोनाराची कडी, मुसलमान पटवेगाराचा गोफ आणि गळा कुणाचाही. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आज मला वाटतं, म्हणून सांगतो.

आपल्याकडे असं घडण्याची ही पहिली वेळही नव्हती. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातली ही मूर्ती प्रसिद्ध आहे. भूमध्य समुद्राकाठची माणसं आणि आपण दोन हजार वर्षं देवघेव करत आलो आहोत.

व्हेनिसचं राज्य मात्र बुडालं. नेपोलियनच्या फौजा दाराशी आल्या आणि १२ मे १७९७ रोजी तिथल्या महासभेनं स्वतःच राज्य विसर्जित केलं. लुदोविको मानिन हा शेवटचा डोज. आपल्याकडे दुसरा बाजीराव नुकताच पेशवाईच्या गादीवर आला होता आणि सांगली संस्थान मिरजेपासून अजून वेगळं व्हायचं होतं. व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेलं. त्यांच्या बादशहानंही काही वर्षं जुन्या चित्राचंच झेक्किनो काढलं, फक्त डोजच्या जागी स्वतःचं नाव घातलं. नाण्याची पत एवढी होती की नव्या धन्याला ते चित्र मोडवेना.

आणि आपल्याकडे? इकडे पुतळीला मागणी होतीच. बाहेरून नाणी येईनाशी झाली, पण त्याच्या आधीपासूनच इथले सोनार पुतळ्या घडवत होते. पोलादाच्या किंवा काशाच्या ठशावर सोन्याची चकती ठेवायची आणि ठोकायचं. ठसा कोरणाऱ्यापुढे मूळ नाणं असे, पण त्यावरची अक्षरं त्याच्या दृष्टीनं निव्वळ रेघोट्या. तो त्या रेघोट्या उतरवून घेई. एकाचा ठसा पाहून दुसरा ठसा करी. असं होता होता अक्षरांचे दांडे झाले, ताऱ्यांचे ठिपके झाले, संतांच्या अंगावरचा झगा लुगड्यासारखा दिसू लागला. पुढे चित्रच बदललं आणि लक्ष्मी आली.

अण्णांनी भिंगातून मला हेच दाखवलं. माझ्या पुतळीवर डोजचं नाव वाचता येत होतं, ‘आलॉय मोचेनि’. आल्विझे मोचेनिगो या नावाचे एकूण चार डोज होऊन गेले. पहिला १५७० मध्ये गादीवर आला, चौथा १७७८ मध्ये वारला. तेव्हा माझी पुतळी यांतल्या नेमक्या कुणाची, हे जाणकारालाच सांगता येईल. आपाच्या पुतळीवर त्या जागी उभ्या-आडव्या रेघा होत्या. काही अक्षरं उलटी, काही आडवी पडलेली. ती कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हती.

मी त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिलो. लहानपणी मशिदीत आम्ही अरबी वाचायला शिकलो, तेव्हा अर्थ कळत नव्हता. पण काना-मात्रा चुकू नये म्हणून मौलवीसाहेब बोट धरून अक्षरावर ठेवायचे. या सोनाराचं बोट धरायला कुणी नव्हतं. तरी त्यानं प्रत्येक रेघ मनापासून उतरवायचा प्रयत्न केला होता. न समजणारी गोष्टसुद्धा नीट उतरवायची, हे काम सोपं नाही.

मग अण्णांनी दोन्हींचा टंच काढला. आधी कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, मग यंत्रात ठेवून पाहिलं. माझी पुतळी ९९ च्या वर. आपाची ९६ च्या आसपास. म्हणजे तेवीस कॅरट. अण्णा म्हणाले, ‘‘नक्कल आहे, पण बनावट नाही. अक्षरांत चुकला बिचारा, सोन्यात चुकला नाही.’’ त्यांच्या वडलांच्या वेळची एक गोष्ट त्यांनी सांगितली. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनारांचे हात रिकामे झाले. तेव्हा जुनी पुतळी दुकानात आली की वडील ती गाळण्याआधी घटकाभर हातात धरून बसायचे.

आता माझ्यापुढचा पेच. वजनाचा भाव धरला तर दोन पुतळ्यांत फार मोठा फरक नव्हता. माझी साडेतीन ग्रॅम, आपाची सव्वातीन. पण जुनी नाणी जमवणारा माणूस माझ्या पुतळीला सोन्याच्या भावाहून जास्त देईल आणि आपाच्या पुतळीला बहुधा देणार नाही. हे मला आणि अण्णांना ठाऊक होतं. आपाला नव्हतं. अम्मीनं सारखी वाटणी केली होती. ती सारखी नव्हती, हे अम्मीलाही ठाऊक नव्हतं. गप्प राहिलो असतो तर काहीच बिघडलं नसतं. दोन्ही गाळल्या असत्या तर खूणही राहिली नसती. शेक्सपीअरच्या नाटकातला शायलॉक तीन हजार डुकाटांवरून पेटतो. सोन्याच्या डुकाटात मोजले तर ते साडेदहा किलो, जुने नऊशे तोळे होतात. माझ्यापुढे एकच होता, तरी घरी जाताना पाय जड झाले होते.

घरी गेलो आणि आपाला सगळं सांगितलं. तिनं दोन्ही पुतळ्या तळहातावर घेऊन पाहिल्या. म्हणाली, ‘‘तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं.’’ मी म्हटलं, ‘‘नसतंच कळलं.’’ ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘नानीला सराफानं फसवलं का रे?’’ मी म्हटलं, ‘‘नाही. तेवीस कॅरट सोनं आहे. तेव्हा पुतळी म्हणून जे मागितलं ते तिला मिळालं.’’ तिचा चेहरा मोकळा झाला. तिला किमतीपेक्षा हे जाणून घ्यायचं होतं.

शेवटी आम्ही दोन्ही मोडल्या नाहीत. बांगडी ठरल्यापेक्षा हलकी केली. दोन्ही पुतळ्या एकाच गोफात ओवून भाचीच्या गळ्यात घातल्या. मधे चार सोन्याचे मणी. वाटणीचा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटला.

ऐकणाऱ्यांपैकी, वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी जुनी पुतळी असेल तर दोन गोष्टी सांगून थांबतो. मोडायला नेण्याआधी ती भिंगाखाली बघा. मधल्या काठीला लागून तीन अक्षरं, उजवीकडच्या माणसामागे वाचता येणारं नाव आणि मागच्या बाजूला ताऱ्यांमधला उभा ख्रिस्त स्पष्ट दिसला, तर एखाद्या जाणकाराला किंवा संग्रहालयात दाखवा. ती बहुधा खरीखुरी व्हेनिसची असेल. कडी झाळलेली असली तरी तिचं मोल संपत नाही. दुसरं असं की १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं. ते घरात ठेवायला हरकत नाही, पण परदेशी नेता येत नाही. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

भाचीच्या दागिन्यांच्या डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यात लिहिलं आहे की, लाल दोऱ्याकडची पुतळी व्हेनिसची, हिरव्या दोऱ्याकडची आपल्या मुलखातली. दोन्हींचं वजन आणि टंच लिहिला आहे. कधी वेळ आलीच तर आधी कुठली मोडायची आणि कुठली कुणाला दाखवायची, हे तिला माहीत असावं. पुढे तिला दोन मुलं झाली आणि तिनंही एकेक वाटून दिली, तर निदान वाटणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असेल की आपण काय देतो आहोत, काय घेतो आहोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)